पुराची मदत कोणाच्या घरची?

मी खेड्यातला शाळामास्तर, सरकारचे मीठ खाणारा. सबब माझे नाव छापू नये. गावाचेही नाव देत नाही. दिले तर एखाद्या तलाठ्याची बदली होईल आणि बाकी सारे जेथल्या तेथे राहील.

शेतकरी बंधूंनो, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे दानशूर पूर्वी म्हणीत असत, आता ते पुरात येतात. नदी उतरू लागली, मातीच्या भिंती फुगून बसू लागल्या, बांध्यांवर हातभर गाळ चढला, की चार-पाच मोटारी चिखल उडवीत गावात शिरतात. मागच्या मोटारीत तांदळाची पाकिटे, पुढच्या मोटारीत देणारा, आणि मधल्या मोटारीत छायाचित्र काढणारा. घेणारा गुडघाभर चिखलात उभा असतो. त्याला एका हाताने पाकीट धरायला सांगतात व तोंड इकडे कर म्हणतात. तीन दिवसांचा उपाशी माणूस तोंड इकडे करतो. करील नाही तर काय?

आमचा गोंडपिपरी तालुका वर्धा आणि वैनगंगा ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात बसला आहे. पुढे दोघी एक होऊन प्राणहिता होते. पूर आम्हांस नवा नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस गोसेखुर्द धरणाची ३३ दारे उघडली आणि वैनगंगेकाठची गावेच्या गावे पाण्यात गेली. २०२२ च्या जुलै-ऑगस्टात वर्धा नदीने एकामागून एक पूर आणले. रोवणी झालेले धान कुजले, पऱ्हाटी आडवी झाली, सोयाबीन पिवळे पडून गेले. माझी शाळा उंचवट्यावर, म्हणून त्या दिवसांत ती शाळा राहिली नाही, धर्मशाळा झाली. वर्गात माणसे, ओट्यावर शेळ्या, खिचडीच्या खोलीत बाळंतीण.

तिसऱ्या दिवशी एक पुढारी आले. पक्ष सांगत नाही. ह्या बाबतीत सगळ्यांचे गोत्र एकच. पाकिटे वाटली गेली, छायाचित्रे निघाली, मोटारी गेल्या. माझ्या वर्गातले दुसरीचे एक पोर पाकिटावर बोट ठेवून वाचू लागले. वर्षभर मी त्याच्या जोडाक्षरांमागे लागलो होतो. त्या दिवशी त्याने एक ओळ न अडखळता वाचली, ती त्या पुढाऱ्याच्या नावाची. मग त्याने मला विचारले, "गुरुजी, हे तांदूळ ह्यांच्या वावरातले होय का जी?"

काय उत्तर द्यावे ते मला त्या वेळी सुचले नाही. आज देतो.

नाही बाळा, ते ह्यांच्या वावरातले नव्हेत. आपल्या देशात राज्य आपत्ती प्रतिसाद निधी म्हणून एक खाते आहे. महाराष्ट्राच्या खात्यात १०० रुपयांतले ७५ दिल्लीने व २५ मुंबईने घालावयाचे, असा हिशेब ठरला. दिल्लीला आणि मुंबईला तरी पैसे कोठून? तुझा बाप खताची गोणी आणतो, आई काडीपेटी आणते, तुझ्या पायात चपलेचा जोड येतो, त्या प्रत्येकावर कर बसतो. ते पैसे फिरून तुझ्या घरी आले, तर ते देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी त्यावर कशाला? चिठ्ठी लावायचीच तर तुझ्या बापाच्या नावाची लावा.

कोणी म्हणेल, गुरुजी, एका चिठ्ठीवरून एवढा संताप बरा नव्हे. पण ही खोड एका गावची नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे कृष्णा व पंचगंगा कोपल्या, तेव्हा सरकारी धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांची व स्थानिक आमदारांची तसबीर चिकटविलेली निघाली आणि महाराष्ट्रभर छी-थू झाली. त्यातून धडा घेतला असेल म्हणावे, तर सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिवकडे पूर आला तेव्हा सत्तेतल्याच दुसऱ्या पक्षाच्या मदतीच्या पिशव्यांवर पुन्हा पुढाऱ्यांचे चेहरे. सहा वर्षांत चेहरे बदलले, डिंक तोच राहिला.

तथापि तसबीर ही नुसती वरची साल आहे. आतली कीड वेगळी आहे व ती पाहावयाची तर हिशेब मांडावा लागेल. पाटी घ्या.

एका कुणब्याची ३ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेसात एकर, कोरडवाहू जमीन आहे. तिचे सगळे पीक पाण्याने गेले. त्यास सरकारी मदत किती? नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यात राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी हेक्टरी ८,००० रुपये, तेही २ हेक्टरांपर्यंत, जाहीर केले. उत्तर : १६,०००. ऑक्टोबर २०२० मध्ये ठाकरे सरकारने हेक्टरी १०,००० दिले, मर्यादा २ हेक्टर. उत्तर : २०,०००. ऑगस्ट २०२२ मध्ये शिंदे सरकारने हेक्टरी १३,६०० केले व मर्यादा ३ हेक्टर केली. उत्तर : ४०,८००. मे २०२५ च्या ३० तारखेस फडणवीस सरकारच्या काळात नवा निर्णय निघाला, हेक्टरी ८,५०० व मर्यादा पुन्हा २ हेक्टर. उत्तर : १७,०००. त्यानंतर सव्वाचार महिन्यांनी, ७ ऑक्टोबर २०२५ रोजी, मराठवाडा बुडाल्यावर ३१,६२८ कोटींची मोठी घोषणा झाली. मर्यादा परत ३ हेक्टर झाली. म्हणजे २५,५००, आणि रब्बीच्या पेरणीसाठी हेक्टरी १०,००० निराळे.

जमीन तीच. कुणबी तोच. पाणीही तितकेच खोल. सहा वर्षांत एकाच गणिताची पाच उत्तरे आली! माझ्या वर्गात एखाद्या पोराने असे गणित सोडविले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते. महागाई वाढली म्हणून रक्कम वाढली म्हणावे, तर २०२२ पेक्षा २०२५ च्या मे महिन्यात खत स्वस्त झाले होते काय? मजुरी उतरली होती काय? मग ४०,८०० चे १७,००० कोणत्या नियमाने झाले? आणि सव्वाचार महिन्यांत ते परत का चढले? त्या सुमारास स्थानिक निवडणुका उंबरठ्यावर येऊन बसल्या होत्या. नगरपरिषदांचे मतदान २ डिसेंबरास झाले. रक्कम ओरडीने वाढली म्हणा की मतांच्या धास्तीने वाढली म्हणा. वाढली ते चांगलेच झाले, मला त्याचे दुःख नाही. दुःख इतकेच की ती नियमाने वाढली नाही. आणि जे नियमाने वाढत नाही ते निवडणूक झाल्यावर गुपचूप उतरते, हे आपण एकदा पाहिले आहे.

ह्यात कोणी एकट्या पक्षाने पातक केले असे समजू नका. २०१९ साली मुख्यमंत्री होण्याआधी उद्धव ठाकऱ्यांनी बांधावर उभे राहून हेक्टरी २५,००० मागितले. सत्ता आली आणि २०२० मध्ये दिले १०,०००. तेव्हा विरोधात बसलेल्यांनी त्यांना त्यांच्याच २५,००० ची आठवण मोठ्या आवाजात करून दिली. ते परत सत्तेत आले आणि मे २०२५ चा ८,५०० चा कागद त्यांच्याच राज्यात निघाला. मग ठाकऱ्यांनी २०२५ मध्ये हेक्टरी ५०,००० मागितले. वाचकहो, मागण्याचा दर खुर्चीच्या बाहेर एक आणि देण्याचा दर खुर्चीच्या आत दुसरा. बांध मात्र दोघांनाही लागतो, उभे राहून बोलायला.

आणि राजकारण कामात शिरले म्हणजे नुसती रक्कम हलते असे नाही, वेळही जातो. २०२२ चा आमचा पूर आठवा. जून महिन्याच्या ३० तारखेस नवे सरकार शपथ घेते झाले आणि ९ ऑगस्टपर्यंत, तब्बल ४० दिवस, सबंध महाराष्ट्रात मंत्री किती? दोन! एक मुख्यमंत्री, एक उपमुख्यमंत्री. मदत व पुनर्वसनाचे खाते सांभाळायला वेगळा मंत्री नाही, चंद्रपूरला पालकमंत्री नाही. पालकमंत्री नेमले गेले ते सप्टेंबरच्या २४ तारखेस. तिकडे कोणाला कोणते खाते ह्याचा घोळ चालला होता आणि इकडे वर्धेचे पाणी घरात येऊन चुलीवर बसले होते. वाढीव मदतीचा निर्णय १० ऑगस्टला, मंत्रिमंडळ भरल्यावर दुसऱ्या दिवशी झाला. नियम आधीच लिहून ठेवलेला असता, तर तहसीलदाराने तो काढून जुलैतच कामाला सुरुवात केली असती. मंत्री दोन असोत की बेचाळीस, आम्हांस त्याचे सोयरसुतक राहिले नसते.

दुष्काळाचेही तेच. २०१६ पासून दुष्काळ ठरविण्याची शास्त्रीय रीत आहे. पाऊस किती पडला, जमिनीत ओल किती, उपग्रहातून पीक हिरवे दिसते की नाही, अशी मापे लावायची आणि मग शेतात जाऊन पाहायचे. ह्या रीतीने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्रातले ४० तालुके दुष्काळी ठरले. लगेच विरोधकांनी आरोप केला की सत्ताधारी आमदारांचेच तालुके निवडले. दहा दिवसांनी, १० नोव्हेंबरास, सरकारने आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली व त्यांना सवलती दिल्या. आरोप घटकाभर बाजूस ठेवा. मला एवढेच पुसावयाचे आहे की, त्या दहा दिवसांत आभाळात असे काय घडले? दुसऱ्या यादीस जे पावसाचे माप लावले ते ऑक्टोबरातही हाताशी होते. ज्या दिवशी पहिली यादी निघाली त्याच दिवशी प्रत्येक मंडळाचे आकडे चावडीवर टांगले असते, तर आरोप करणाराचे तोंड आकड्यांनी बंद झाले असते; अथवा सरकारचे तरी झाले असते.

दिल्ली आणि राज्य यांच्या मधला खेळ तर याहून मोठा आहे. शेजारच्या कर्नाटकाने २०२३ साली २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. राज्यात एक पक्ष, दिल्लीत दुसरा. महिने गेले, पैसा येईना. शेवटी मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा एप्रिलात ३,४५४ कोटी सुटले. मागितले होते १८,००० कोटींहून अधिक. एक सरकार दुसऱ्या सरकारावर फिर्याद करते तेव्हा कोठे दुष्काळाचा पैसा हलतो. मग आमच्या गावच्या अडाणी विधवेने कोणत्या न्यायालयात जावे?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००५ सालच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे ६१ वे कलम सांगते की, आपद्ग्रस्तांना भरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म ह्यांवरून भेदभाव करू नये. उत्तम कलम आहे. ज्या लोकांनी पाणवठ्यावर भेदभाव सोसला त्यांना ह्या पाच शब्दांची किंमत मी सांगावयास नको. पण मी हे कलम दोनदा वाचले, तिसऱ्यांदा वाचले, आणि एक शब्द शोधीत राहिलो. तो शब्द पक्ष. तो तेथे नाही! आपले नाव जातीमुळे गाळले असे सिद्ध केले तर कायदा तुमच्या बाजूला उभा राहतो. पण तुम्ही त्या दिवशी दुसऱ्या पुढाऱ्याच्या सभेला गेला होता म्हणून नाव गाळले, तर हे कलम तुमच्याकडे पाहत बसते. राज्यघटनेचे समतेचे कलम आहे, हे खरे. पण ते घेऊन नागपुरास जायला वकील लागतो, आणि वकिलाला लागणारे पैसे पुराने नेलेले असतात.

हे मी हवेत बोलत नाही. नदीकाठच्या एका गावी घडलेली हकिगत सांगतो. तेथे ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन वर्ष झाले नव्हते. पंचनामे झाले, यादी आली. यादीत टेकाडावरचे एक वावर होते. त्या टेकाडावर पाणी चढले असते तर ते गाव आज नकाशात राहिले नसते. आणि नदीला लागून असलेली, नांगराचे फाळदेखील गाळात गेलेली एका ढीवराची दोन एकर यादीत नव्हती. त्याचा मुलगा हरलेल्या पॅनेलमध्ये होता. म्हातारा माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आला. मी विचारले, "पंचनाम्याच्या वेळी तुम्ही वावरात होता का?" म्हातारा म्हणाला, "होतो ना जी. साहेब बांधापर्यंत आले, मग कोणीतरी त्यांना चहाले बोलावून नेले." अर्ज मी लिहिला, त्याला शिक्का मिळाला, आणि पुढे त्या शिक्क्यावरच ते प्रकरण मिटले. म्हातारा आता म्हणतो, "पुढच्या बारीले पोराले जिंकणाऱ्याच्या पॅनेलमध्ये घालतो." पाहा, पुराने त्याचे पीक नेले आणि यादीने त्याचे मत नेले. दोहोंत मोठे नुकसान कोणते ते तुम्ही ठरवा.

कारागिरांचे हाल तर विचारू नका. शेतकऱ्याला निदान सातबारा असतो, त्यावर बोट ठेवता येते. बुरडाचे बांबू वाहून गेले, कुंभाराचे कच्चे मडके विरघळले, ढीवराचे जाळे गाळात गुंतून फाटले, हे कोणत्या उताऱ्यावर लिहिले जाते? आणि वाचकहो, ह्यांच्यासाठी नियमात काहीच नाही असे नाही. २०२२ ते २०२६ च्या निकषांत हस्तकारागिराच्या हत्यारांसाठी ५,००० व कच्च्या मालासाठी ५,००० रुपये लिहिले होते; पूर्ण निकामी झालेल्या जाळ्यास ४,००० व नव्या डोंग्यास १५,००० होते. तुमच्यापैकी कितीजणांना हे कोणी सांगितले? मी आमच्या बाजारात अकरा बुरडांना विचारले, एकालाही माहीत नव्हते. नियम झाकून ठेवला म्हणजे हक्काची भीक होते, आणि भीक घालणाऱ्याला हात जोडणे आलेच. वनजमीन कसणारा गोंड बांधव आणि बटाईने कसणारा भूमिहीन ह्यांची नावे तर सातबाऱ्यावरच नाहीत. त्यांचे कुटार वाहून गेले तरी मदत दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. त्यांच्याविषयी स्वतंत्र लिहिण्यासारखे आहे, पुढे केव्हातरी लिहीन.

माझा एक शहाणा मित्र, तोही शिक्षकच, मला म्हणतो, "गुरुजी, तुम्ही राजकारण काढा म्हणता; पण पुढारी बोलला नाही तर साहेब जागचा हलत नाही. आमदाराने फोन केला म्हणून तर आपल्या गावी डोंगे आले." हे खोटे नाही. मी त्याच्याशी वाद घालीत नाही. पुढाऱ्याने बोलावे, ओरडावे, विधिमंडळ दणाणून सोडावे, ह्याच कामासाठी आपण त्याला पाठविला. पण मागणे वेगळे आणि वाढणे वेगळे. पंगतीत पोळी मागायला सगळ्यांना मोकळीक असावी. वाढपी मात्र कोणाचा सोयरा नसावा. वाढपी ओळखीचा असला म्हणजे पंगतीच्या टोकाला बसणाऱ्याचेही पान भरते आणि मधल्याचे रिकामे राहते, हे लग्नकार्यात आपण जन्मभर पाहत आलो. आमदाराने दर ठरविण्याच्या कायद्यासाठी भांडावे. कोणाचे नाव यादीत घालावे ह्यासाठी त्याने तलाठ्याला फोन करू नये. पहिले काम अवघड, त्यात तसबीर निघत नाही. दुसरे सोपे, त्यात मत मिळते. म्हणून तो दुसरे करतो.

जुन्या गोष्टी सांगितल्या की तरुणांना कंटाळा येतो, तरी दोन सांगतो. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात इंग्रज सरकारच्या डोळ्यांदेखत लाखो माणसे मेली. त्या काळी जोतीराव फुले व त्यांच्या सोबत्यांनी पुण्याजवळ धनकवडीस दुष्काळातल्या पोरांसाठी अन्नछत्र चालविले. पुढे १८८० च्या आयोगानंतर सरकारने दुष्काळाचे नियम लिहून काढले. इंग्रज परका, त्याची मदत कवडीचुंबक, दगड फोडा तेव्हा पोटापुरते धान्य. पण ती कंजूष मदत तरी लिहिलेली होती : अमुक खुणा दिसल्या की चाचणीची कामे काढा, इतकी माणसे कामावर आली की दुष्काळ समजा. दुसरी गोष्ट आपल्या स्वराज्याची. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला गेली. त्यातून वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, १५ दिवसांत न दिल्यास बेकारभत्ता. त्या योजनेतही पुढे चोर शिरले, खोटी हजेरीपत्रके झाली, हे मी नाकारीत नाही. परंतु काम मागणारी बाई मुकादमापुढे उभी राहून म्हणू शकत होती की हा माझा हक्क आहे, तुझी मेहेरबानी नव्हे. पुराच्या मदतीत ते वाक्य कोणत्या बाईला म्हणता येते?

आणि बंधूंनो, रागावू नका, थोडा दोष आपल्याकडेही येतो. अमेरिकेत हीली आणि मल्होत्रा नावाच्या दोन पंडितांनी तेथील मतदानाचे व सरकारी खर्चाचे आकडे तपासून २००९ साली दाखविले की, आपत्तीनंतर पैसा वाटणाऱ्याला लोक मते देतात, आणि आपत्ती येऊ नये म्हणून आधी खर्च करणाऱ्याला काही देत नाहीत. वास्तविक आधी खर्चलेला एक डॉलर पुढचे सुमारे पंधरा डॉलरचे नुकसान वाचवितो. शिकलेल्या अमेरिकेची ही कथा, मग आपली काय सांगावी? नाल्यावर पूल उंच बांधणाऱ्याचे नाव आपल्या ध्यानात राहत नाही, पाकीट देणाऱ्याचे राहते. पण दुसराही एक शोध आहे, आणि तो आपल्या देशातला आहे. बेस्ली व बर्जेस ह्या अर्थशास्त्र्यांनी हिंदुस्थानच्या १६ राज्यांचे १९५८ ते १९९२ पर्यंतचे आकडे पाहून २००२ साली लिहिले की, ज्या राज्यात वर्तमानपत्रे जास्त खपतात तेथे पीक बुडाले किंवा पूर आला असता सरकार जास्त मदत करते. संपादक महाराज, हे तुमच्या पत्राची वर्गणी वाढावी म्हणून मी लिहीत नाही. तथापि वाचणारे गाव फसवायला अवघड जाते हे खरे आहे.

मग आम्हांस हवे काय? मदतीचा दर कायद्याने बांधावा आणि तो दरसाल महागाईच्या मानाने आपोआप वाढावा. तो कमी करावयाचा तर विधिमंडळात उघड मत टाकून करावा, मे महिन्यात कागद काढून नव्हे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी, असे माप सरकारने मंडळासाठी धरले आहे. तर मग त्या मंडळाच्या पर्जन्यमापकाचा रोजचा आकडा पंचायतीच्या भिंतीवर लिहिला जावा. म्हणजे आपण पात्र आहोत की नाही हे शेतकऱ्याला पुढाऱ्याच्या आधी कळेल. पंचनाम्याची यादी हल्ली विशिष्ट क्रमांक घालून पंचायतीत लावतात, पण ती पैसा यायच्या वेळी, अंगठ्याच्या पडताळणीसाठी. ती पंचनामा होताच, पैशाच्या आधी, ग्रामसभेत नावानिशी वाचली पाहिजे. टेकाडावरचे वावर भर सभेत वाचले गेले असते तर साऱ्या गावाने हसून हसून ते यादीतून काढले असते. सरकारी धान्यावर, सरकारी पिशवीवर कोणाचीही तसबीर नसावी. आणि ६१ व्या कलमात पाच शब्दांच्या शेजारी सहावा शब्द घालावा. एवढ्यासाठी कोणाच्या बापाची तिजोरी उघडावी लागत नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. मी माझ्यापुरते एक केले आहे. शाळेचा एक जुना फळा रंगवून दर्शनी भिंतीवर टांगला. त्यावर पिकाचा, घराचा, बैलाचा, जाळ्याचा आणि हत्यारांचा सरकारी दर मोठ्या अक्षरांत लिहिला. दर बदलला की पुसून नवा लिहितो. लिहिण्याचे काम त्याच पोराकडे आहे, आता तो सहावीत गेला. परवा बुरडाची म्हातारी येऊन फळ्यापुढे उभी राहिली, तिने त्याच्याकडून तिची ओळ दोनदा वाचून घेतली आणि विचारले, "हे कोणी देते म्हणाले?" पोरगा म्हणाला, "कोणी नाही आजी. हे असेच आहे." येत्या ग्रामसभेत यादी वाचण्याचा ठराव मी लिहून देणार आहे. मांडायला मात्र टेकाडावरच्या वावराच्या मालकालाच सांगितले आहे. तो अजून हो म्हणालेला नाही.

आपला,
एक खेड्यातील गुरुजी
गोंडपिपरी, जि. चंद्रपूर